भातगिरणीचा काटा

दोन हजार आठ साली मी वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठर लहान केल्यामुळे अर्ध्या वाटीत पोट भरायचं आणि वर्षभरात चाळीस किलो उतरले. मग भूक पुन्हा जाणवायला लागली, आणि वजन परत चढेल अशी धास्ती बसली. मुरबाडजवळच्या ज्या गावात मी शिकवत होते, तिथे मोठा काटा एकच होता, भातगिरणीतला. दर शनिवारी शाळा सुटली की मी त्यावर उभी राहायचे.

“बाई, तुसासकट मोजू का तूस काढून?” गिरणीवाला दर वेळी विचारायचा.

एका शनिवारी वजन तीन किलो जास्त भरलं. मी जेवणच बंद केलं आणि ताकावर दिवस काढले. मंगळवारी फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

संध्याकाळी पुन्हा गिरणीत गेले, तर गिरणीवाल्याच्या बायकोने आधी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

“शनवारी ही घेऊनच चढलेल्या तुमी. दगडं भरलीत का काय?”

पिशवीत चौथीच्या वह्या होत्या. काटा जुन्या आकड्याच्याही खाली थांबला.

तिने वाटीभर डाळभात आणला. मी चार घास नीट चावून खाल्ले, पोट भरलं तशी थांबले आणि उरलेला तिच्या कोंबड्यांना घातला.

“एवढ्यानं काय व्हतंय?”

“होतं,” मी म्हटलं.

त्यानंतर मी महिन्यातून एकदाच काट्यावर चढायचे, पिशवी तिच्याकडे देऊन.