सायलीच्या नंबरवरून आलेली लग्नपत्रिका

मित्रांनो, आज दुपारी पंचवटीत असताना कॉलेजातल्या सायलीच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाईल आली. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून आमचं बोलणं बंद. डोकंच फिरलं. फाईल न उघडताच फोन लावला.

“लग्न ठरवलंस आणि हे असं कळवतेस?”

“अरे गाढवा, उघडू नकोस! मी अशीच एक उघडली आणि फोन हॅक झाला. आता माझ्या नंबरवरून सगळ्यांना जातेय.”

“म्हणजे लग्न नाही?”

“नाही रे. जेवलास का?”

मग गोदाकाठी नुसता बसून राहिलो. पाण्यावर ऊन डुलत होतं, कानात तिचा आवाज.

पोरांनो, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके (.apk) दिसलं तर ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. उघडू नका, पाठवणाऱ्याला फोन करून विचारा.

माझं विचारून झालं. आता उद्या तिला फोन करायला काय कारण सांगू?