तात्यांची उचकी

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालतात त्या खोलीत, किस्से फार साठतात. कारण ते घडतात तेव्हा हसायची सोय नसते! टेबलावर माणूस असतो आणि सगळ्यांचा जीव मुठीत. मी भोरजवळच्या भोंगवलीची, नर्सची नोकरी पुण्याच्या एका हॉस्पिटलात. त्यामुळे भोर-वेल्ह्याचा हार्ट पेशंट आला की "आपली सिस्टर कुटं हाय?" हे ठरलेलं. त्यातले निम्मे किस्से वेल्ह्यातल्या पासली गावच्या एकट्या किसनतात्यांचे.

*

पहिला मला भोरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितला. तात्या भातलावणीत खाचरातच कोसळले, म्हणून त्यांना जीपमधून आणलेलं. डॉक्टरांनी नाडी धरली. दोन ठोके पटापट, मग एक गायबच! त्यांनी कंपाउंडरचं घड्याळ मागून घेतलं आणि पुन्हा मोजलं.

"घड्याळ बराबर हाय, सायेब," तात्या म्हणाले. "बिघाड माज्यात हाय."

*

पुण्याला आणल्यावर आमच्या डॉक्टरसरांनी त्यांना ट्रीटमेंट समजावली. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाशी फुगा, आणि चुकीचे ठोके उठतात तेवढी जागा त्यानं गोठवायची.

"गोठवायचंच हाय तर पासलीत या की थंडीत! सगळंच गोठतं."

सर हसले. सुमनकाकू, म्हणजे तात्यांची बायको, हसल्या नाहीत.

"आन् जादा गोठलं तर?"

सरांनी खरं तेच सांगितलं. जवळून श्वासाची नस जाते. ती दुखावली तर दम लागतो, कधी कधी महिनोन्महिने. काकूंनी पदर तोंडाला लावला.

*

अॅडमिशनच्या दिवशी कळलं, तात्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस बंद केल्यात. गवत कापताना विळा लागला, रक्त थांबेना, म्हणून स्वतःच निर्णय! सरांचा चेहरा उतरला. हृदयात गुठळी झाली असती तर ती थेट मेंदूत जायची भीती. घशातून नळी घालून तपासलं. तेवढा वेळ काकू भिंतीला टेकून उभ्याच होत्या. गुठळी नव्हती.

सर इतके चिडले होते, की पुढच्या गोळ्या त्यांनी काकूंच्या हातात दिल्या. तात्या म्हणाले, "आता इळा बी तिच्याकडंच देतो!"

*

फॉर्म भरताना मी विचारलं, "भाऊ?"

"न्हाई," तात्या.

"हाय की!" काकू. "शंकरभावजी. शेजारच्याच घरात ऱ्हात्यात."

तीन वर्षांपूर्वी शंकर इरजिकीला आला नव्हता. लावणीला सगळं गाव एकमेकांच्या खाचरात राबतं, त्यात सख्खा भाऊच नाही! तेव्हापासून अबोला.

"काय लिहू, तात्या?"

"लिवा, हाय पर बोलत न्हाई."

*

आणि टेबलावरचा. हृदयाची उजवीकडची जागा गोठवताना त्या श्वासाच्या नसेला बारीक करंट देत राहतात. त्यानं पोट उचकीसारखं उडतं. पोटावर हात ठेवायचं काम माझं. उडणं थांबलं, म्हणजे नस दुखावतेय, की ओरडायचं, आणि सरांनी गोठवणं तिथल्या तिथं सोडायचं.

तात्या अर्धवट गुंगीत होते.

"कोन आटवण काडतंय..." ते पुटपुटले. आमच्याकडची सवय! उचकी लागली की एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला थांबेल, तो आठवण काढतोय.

"सुमन?" पोट उडालं.

"लेक?" उडालं.

"जावाय?" उडालं.

मग जरा थांबून, अगदी हळू, "शंकर?"

माझ्या तळव्याखाली काहीच नाही.

"सर, थांबवा!"

सरांनी थांबवलं. मी हात पोटावर दाबून धरला होता. नस गेली असती तर काकूंना काय सांगणार होते मी? बऱ्याच वेळानं तळव्याला एक बारीक धक्का जाणवला. मग दुसरा. मग नीट. मला रडूच आलं. मॉनिटरवर ठोके एका लयीत पडत होते.

काकूंना सांगायला बाहेर गेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तात्यांच्याच नाकाचा एक माणूस टोपी चुरगाळत बसला होता.

"म्या शंकर. सकाळच्या एस्टीनं आलोय. दादाला सांगू नगा."

काकूंनीही नको म्हणून मान हलवली. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी तात्या पूर्ण शुद्धीवर आले. पाणी नाही, दुखतंय नाही, पहिला प्रश्न हाच.

"सिस्टर, उचकी कुनाच्या नावाला थांबली?"

खोटं बोलवेना. "शंकरच्या."

तात्यांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, "मंग भाईर बसला आसंल. बोलवा की आत."