नापास मटकं

माणसाची पारख कोणी कपड्यांवरून करतं, कोणी गाडीवरून. आमचे घरमालक ती सालपटांवरून करतात, आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी अजून पाहिला नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात त्यांचं एका खोलीच्या रुंदीचं तीन मजली घर आहे. मी कणकवलीकडची, आठवीत शाळा सोडलेली. साड्यांना फॉल-पिको करायचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली मागायला गेले, तेव्हा आधी आधार कार्ड पुढे केलं. ते कार्ड त्यांनी बघितलंही नाही. "ते राहू दे. मेथीचे देठ फेकते का खाते?" मी घाबरून म्हणाले, "खाते." "मंग आमच्या काय कामाची तू?" असं म्हणून त्यांनी चावी दिली. त्या दिवसापासून मी देठ फेकायला लागले. परक्या गावात डोक्यावर छप्पर देणाऱ्या माणसासाठी एवढं तरी करायलाच हवं.

त्यांचा सगळा संसार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची साडेतीन फुटांची गॅलरी. तिथे कपडे वाळत घातले तर माणूस मावत नाही आणि माणूस उभा राहिला तर कपडे वाळत नाहीत. अशा जागेत त्यांनी भोकं पाडलेली तीन मातीची मटकी मांडली आहेत. ताज्या कचऱ्याचं ते बालवाडी, अर्धं कुजलेलं ते मॅट्रिक, आणि तयार खताचं ते पेन्शनर. बालवाडीत रोज सगळ्या भाडेकरूंची सालं पडतात, त्यांवर चमचाभर आंबट ताक आणि मूठभर कोरडं गवत. हे गवत कूलरच्या बाजूंना बसवतात त्या जुन्या ताट्यांचं. उन्हाळा संपला की बोळातल्या घराघरांतून उतरवलेल्या ताट्या ते खांद्यावर घेऊन अशा थाटात येतात, की वाटावं लढाई जिंकून आले. मी मॅट्रिकच्या मटक्याजवळून जाताना पदर सावरून जायची. आपण गेलो नाही तिथे निदान सालं तरी पोचली, म्हणून.

संत्र्याची सालं जास्त झाली की मटकं आंबतं. त्यामुळे ऐन मोसमात संत्र्यावर रेशन लावणारा नागपुरातला हा एकमेव माणूस असावा. "दर मानशी दोन. तिसरं खाचं असन तर सालटासकट खा!" कुठे लग्न असो की तेरवी, ते पाहुण्यांत बसत नाहीत, थेट मागे आचाऱ्याकडे जातात आणि पिशवी पुढे करतात. एकदा एका तेरवीहून कोबीच्या पानांचं बोचकं घेऊन आले. मी विचारलं, "काका, कोण वारलं?" बराच वेळ आठवून म्हणाले, "ते काही ध्यानात नाही. पन पत्ताकोबी फर्स्टक्लास होती वं."

आणि अशा माणसाच्या मटक्यात मी घाण केली. झालं असं, की मे महिन्यात आईने गावाहून सुके बांगडे पाठवले. आमच्याकडे माशांची डोकी आणि धुतलेलं पाणी माडाच्या मुळाशी घालतात. त्यावर माड नुसता फोफावतो. मला वाटलं, काकांचे एवढे उपकार, आपणही काहीतरी भारी द्यावं. ते तर्रीपोहे खायला गेलेले बघून मी सगळी डोकी पाण्यासकट मटक्यात ओतली. तीही मॅट्रिकच्या. इतका खानदानी माल बालवाडीत कशाला?

नागपूरचं ऊन माडांसाठी केलेलं नाही. तिसऱ्या दिवशी बोळातली सगळी मांजरं गॅलरीखाली सभा भरवून बसली, मटक्याच्या भोकांतून अळ्या बाहेर यायला लागल्या, आणि वास असा की समोरच्या शिकवणीवाल्या मॅडमनी मुलांना सुट्टी दिली. काका जिन्यात उभे राहून गरजले, "ज्यानं कोनं हे केलं, त्याले उद्या खोली खाली करा लागन!"

मी वर जाऊन बॅग भरायला घेतली. पिकोच्या दुकानात रात्री झोपू देतील का, असे हिशेब चालू होते. खिडकीतून खालचं सगळं ऐकू येत होतं. मटक्यात काठी फिरल्याचा आवाज आला आणि मधेच थांबला. मग मॅडम, समोरून: "काका, कोनं टाकलं ते नाव सांगा, नाही तर उद्याच्या उद्या तिन्ही मटके हलवा. मी तक्रार करीन!"

"मीच टाकलं," काका म्हणाले. "प्रयोग करून राहिलो होतो."

"मच्छीचा प्रयोग? या उन्हात?"

"चुकला. बुढ्ढा झालो आता."

थोड्या वेळाने ते धापा टाकत वर आले. "बॅग काहून भरून राहिली? गावाले चालली का?" मला रडू आलं, माड, बांगडे, उपकार, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मले माहीत हाये," ते म्हणाले. "या बोळात बांगड्याचं मुंडकं आनखी कोन आनन? चाल, गवत धर."

दोघांनी मिळून मटक्यात पोतंभर कूलरचं गवत कोंबलं, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर परात आणि परातीवर दोन विटा. मी हळूच म्हणाले, "काका, ते फेकूनच देऊ या ना."

"काहून? नापास झालं म्हनून कोनी मटकं फेकते का? बसन पुन्हा परीक्षेले." ते मटक्याकडे बघून बोलत होते. पण बॅग त्यांनी स्वतः पायाने खाटेखाली सरकवली होती, ते मी विसरले नाही.

दिवाळीपर्यंत त्या मटक्यातलं खत काळंभोर, भुसभुशीत झालं. त्यांनी दुधाच्या पिशवीत भरून मला दिलं, "घे वास. अत्तर झक मारते." मी ते गावी नेलं, तर आई म्हणाली, "नागपुराक रवतंस, आणि संत्रां सोडून माती हाडलंस?" पण तिने ते माडाला घातलं.

हल्ली काकांचे गुडघे धरतात. काठी फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि सारखे ओरडतात: खालून फिरव, ताक कमी झालं, कोनं टाकलं हे तिसरं संत्रं. मधेच ओरडणं थांबतं. माझा हातही थांबतो. वळून बघितलं तर मान छातीवर पडलेली असते. मग मी काठी मटक्याच्या कडेवर जरा जोरात वाजवते आणि श्वास धरून उभी राहते.

"हळू वं," डोळे न उघडताच ते म्हणतात. "मॅट्रिकचा पेपर चालू हाये."