लाईव्ह जाऊ दे, मंग जाते

शाहीन गेली हे सांगायला तिच्या धाकट्या भावाचा, इरफानचा फोन आला तेव्हा मी अंबडला वर्गावर होते. "ताई, आपा गेली," एवढंच तो बोलला आणि फोन तसाच धरून रडत राहिला. मुलांना चेहरा दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड करून ऐकत उभी... त्याला आता दीड महिना होत आला. सावरले असं अजून म्हणवत नाही.

जालन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती मंठ्याची, मी वडीगोद्रीची. माझ्याशी मराठी, घरी उर्दू, आणि चिडली की दोन्ही एकदम. पुढे मी शिकवायला लागले, ती पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. अब्बांना लकवा मारला तशी परत आली, जालन्यात घर भाड्यानं घेतलं, आईवडिलांना तिथं आणलं आणि घरूनच काम करू लागली. काम होतं दूरच्या एका देशाच्या कस्टम खात्याचं. बंदरात उतरलेल्या मालाची आयातदारानं सांगितलेली किंमत खरी की खोटी, हे आधीच्या व्यवहारांशी ताडून सांगणारं त्यांचं सॉफ्टवेअर जुनाट झालं होतं. ते अपग्रेड करायचं होतं.

"यात एवढा जीव लावण्यासारखं काय आहे?" मी एकदा सहज विचारलं, तर ती उसळलीच. "अगं, तिथल्या एका दवाखान्यानं वापरलेलं एक्स-रे मशीन मागवलं. ह्या सॉफ्टवेअरला जुनं-नवं कळतच न्हाई. नव्याच्या भावाशी ताडलं, आन् म्हणतंय हे लोक किंमत लपवून राह्यले. मशीन बंदरावर पडून सडून राह्यलंय. पेशंटनं काय करावं?" वापरलेल्या मालाची किंमत वेगळी धरायची सोय नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं स्वतः केली होती. ते मशीन तिनं कधी पाहिलं नव्हतं, तो देशही नाही.

तिच्या काखेत गाठ आली ती त्याच सुमारास. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "लाईव्ह जाऊ दे, मंग जाते. आत्ता सुट्टी बिलकुल मिळत न्हाई." दिवाळीनंतर लाईव्ह जायचं होतं, म्हणजे नवं सॉफ्टवेअर तिकडे प्रत्यक्ष चालू व्हायचं होतं. ते संक्रांतीवर गेलं, मग उन्हाळ्यावर. प्रत्येक वेळी तारीख तिकडचे लोक पुढे ढकलायचे, आणि इकडे तपासणी पुढे जायची. मी रागावले, अम्मीनं शपथ घातली. ती हसायची... शेवटी हात वर उचलेना तेव्हा इरफाननं तिला छत्रपती संभाजीनगरला नेलं.  रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुठं होता तुम्ही?"  शाहीन म्हणाली, "घरीच होते."

ती गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी तिच्या कंपनीतल्या एकाचा मला फोन आला. तिच्या कामाचं पुढे काय झालं, ही चौकशी मीच केली होती. तो अडखळत म्हणाला, अपग्रेड रद्द झालं. तिकडचं सरकार बदललं, जुनंच सॉफ्टवेअर चालू राहणार. "शाहीननं केलेलं?" मी विचारलं. "आता ते कुठंच वापरात नाही," तो म्हणाला. मी इरफानला सांगितलं. आईवडिलांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेले होते. अब्बांची जीभ अजून जड आहे. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "शाहीनका वो काम... चालू हुआ क्या?" मी इरफानकडे पाहिलं. "हां अब्बा, बराबर चल रहा," तो म्हणाला. अब्बांनी समाधानानं डोळे मिटले. मला तिथं बसवेना.

स्वयंपाकघरात गेले. अम्मीनं डाळीचा कुकर लावला होता. शिट्टी होणार तेवढ्यात तिनं घाईनं गॅस बंद केला आणि शाहीन काम करायची त्या बंद दाराच्या खोलीकडे पाहिलं. तिच्या मीटिंगा चालायच्या म्हणून हे घर वर्षानुवर्षं असंच, आवाज न करता जगत आलं. मग अम्मी भानावर आली. तरी तिनं गॅस पुन्हा लावला नाही. "हळू बोल गं," ती मला म्हणाली. मी तर काही बोललेच नव्हते.