मश्दी यदुल्लाचं थंड पोट

कमसर गावात गुलाब फुलले की माणसं निम्मी झोपेतच चालतात. वास असा दाटतो की गाढवसुद्धा पाऊल टाकण्याआधी क्षणभर थबकतं. त्या गावातला मश्दी यदुल्ला गुलाबपाणी काढणारा. चाळीस वर्षांत त्याच्या तांब्याच्या डेगीतला एकही घाणा करपला नव्हता, आणि त्याचं श्रेय तो हातांना नाही, पोट सांभाळण्याला द्यायचा.

“माझी प्रकृती थंड,” तो म्हणायचा, “दुपारी ताक प्यालो की मी माणूस राहत नाही, गादी होतो!”

म्हणून भट्टीच्या दिवसांत तो उष्ण अक्रोड-खजुरावर राहायचा. आपल्याला मानवतं ते जगाला मानवतं, असा त्याचा भाबडा समज. नवी सून माहलका घरात आल्यापासून तिच्याही ओंजळीत तो रोज सकाळी मूठभर अक्रोड-खजूर ओतायचा.

बायको तूबा त्याचं पोट ओळखून होती. पण त्या वसंतात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि पहिली भट्टी पेटली त्या दुपारी जेवण आलं सुनेच्या हातचं. थंडगार ताक, त्यात काकडी, पुदिना, कुस्करलेली रोटी.

“घ्या ना, आगाजान.”

“नको ग पोरी, पोट भरलंय.”

“थोडंसं!”

“नको, खरंच.”

“माझ्या जिवाची शपथ आहे!”

दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही तिथली रीत. तिसऱ्यांदाही नको म्हणणं म्हणजे सुनेला दारातूनच परत धाडणं. यदुल्लाने वाडगा रिकामा केला. लगेच दुसरा आला.

मग भट्टीपाशी बसल्या बसल्या तो गादी झाला. आपण डेगीत पाकळ्यांवर तरंगतोय, वरून आई वाफेसारखी वाकून बघतेय, आणि सगळं जग गुलाबी, ओलं, सावकाश. त्या गुलाबी जगाच्या काठाशी मात्र करपल्याचा एक बारीक धागा. ‘ऊठ यदुल्ला! घाणा जळला तर तुला कोण बोलणार? गाव म्हणेल, नव्या सुनेचा पायगुण!’ तो उठायला गेला, पण गादी कधी उठते का?

शेवटी कण्हत त्याने डोळे उघडले. विस्तव मंद होता. माहलका चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. तिच्या एका नाकपुडीत कापसाचा बोळा, त्यावर लाल ठिपका.

“तुला कुणी सांगितलं ग जाळ कमी करायला?”

“कुणी नाही. झाकणाभोवती लिंपलेली कणीक तडकायला लागली, वास बदलला, म्हणून ओढला. मी जागीच असते, आगाजान. कितीतरी दिवस झोपच नाही.”

“आणि हे नाक?”

ती मान खाली घालून म्हणाली, “माझी प्रकृती उष्ण. ते अक्रोड-खजूर...”

“अगं मग नको म्हणायचंस!”

“दोनदा म्हटलं होतं की!”

यदुल्ला खो खो हसला. नळीतून घड्यात पडणारा थेंब त्याने बोटावर घेतला, हुंगला. करपल्याचा मागमूस नव्हता. मग खिशातले अक्रोड स्वतःच्या तोंडात टाकून त्याने उरलेल्या ताकाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

“घे.”

“नको, आगाजान.”

“घे ग.”

“नको, खरंच.”

तिसऱ्यांदा म्हणायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. जरा वाकून हळूच विचारलं, “खरं सांग, हवंय का?”

माहलका लाजली. “पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच हवं होतं.”