वरचा सा न लावणाऱ्या नलूमावशी

बेल वाजली की नलूमावशी आधी पियानोवर चार सूर एकदम वाजवायच्या. पियानो खिडकीला लागूनच होता. बाहेरचा माणूस हसला, तरच दार उघडायचं. कुरिअरवालाही यातून सुटला नाही.

पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो, तेव्हा मी हसलो नव्हतो. वडील गेल्यापासून मला हसण्याची चोरीच वाटायची. गारखेड्यातली आमची आणि मावशींची घरं समोरासमोर, आणि आईसमोर तर ओठ हलायचेच नाहीत. भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो. मान खाली आणि भाता चालू, एवढ्यावर भागायचं. तरी मावशींनी दार उघडलं. म्हणाल्या, "भात्यासारखं तोंड करून काय उभा राहिलास? आत ये."

मग शिकवणी सुरू झाली. "पांढरी एकचा सा डाव्या हातात धर. उजव्यात ग आणि प. झालं जेवण! आता त्यावर शुद्ध नी ठेव."

ठेवला.

"ह्याला मेजर सेव्हन्थ म्हणतात. पोट भरल्यावर कुणी बगलेत बोट घातल्यासारखं वाटलं का नाय?"

वाटलं. इतके दिवस कुणाजवळ बोललो नाही, आता सांगून टाकतो: मला लई मजा यायची.

अडचण होती माझ्या करंगळीची. भजनात नी आला की मागोमाग सा लागतोच. त्या सवयीनं करंगळी वरच्या सावर पडायची आणि सगळी गुदगुली विरून जायची. मावशी चमच्यानं तिला टोला द्यायच्या. "नी-ला घरी पोचवायची एवढी काय घाई? बसू दे की ओट्यावर!"

मग मावशी कायमच्या लेकीकडे नागपूरला निघाल्या. पियानो टेम्पोत चढला. दोर बांधणाऱ्याला त्यांनी थांबवलं आणि मला म्हटलं, "चढ रे वर. वाजव."

"अहो मावशी, समोर आई उभी आहे."

"म्हणून तर म्हणते!"

चपला काढून चढलो. गल्ली जमली. सा, ग, प, नी धरले. करंगळी वरच्या साकडे सरकली. भजनी मंडळाच्या बुवांना राहवेना. "अरे सा लाव, सा! जीव टांगलाय इथं!"

नाही लावला. बुवांचा चेहरा पाहून मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. भीतभीत समोर पाहिलं. आई पदर तोंडाला लावून हलत होती. हसत होती! "थांबलास कशाला रं?" ती ओरडली. "वाजव की!"

टेम्पो सुरू झाला. पुढच्या सीटवरून मावशी म्हणाल्या, "उतर आता, येड्या!"

मी उतरलो नाही. थेट चौकापर्यंत वाजवत गेलो आणि परत येताना भर उन्हात अनवाणी, एकटाच हसत आलो.