मायनं न पाहिलेला सामना

"तिनं केलंय, तिलाच पुसू दे," मॅडम म्हणाल्या.

तिनं म्हणजे माझ्या मायनं. माय फरशीवर उकिडवी बसली होती. समोर पांढरा सोफा, त्यावर पिवळे डाग. हातात मी रोज ओटा पुसायचे ते फडकं. टीव्ही बंद. पाहुण्या बायका साड्या झटकत उभ्या. आणि त्याच वेळी लांब दिल्लीत माझी धाकटी बहीण देशाच्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळत होती.

नीट सांगते. शहरात गारखेड्यातल्या मॅडमच्या फ्लॅटवर मी स्वयंपाक करायचे. नवरा वाळूजला कंपनीत. आमच्या पत्र्याच्या खोलीत टीव्ही नाही. माहेर पिशोरकडचं, धनगराचं. बाप गेल्यावर मायनं मेंढरं वळली आणि आम्हा दोघींना वाढवलं. माझी शाळा सातवीतच सुटली. धाकटीचे पाय मात्र मेंढरांमागं पळून पळून असे तयार झाले, की शाळेतल्या सरांनी तिला खो-खोत घातलं. मग ती थांबलीच नाही. तालुका झाला, जिल्हा झाला, राज्याच्या संघात गेली. मायनं तिला एकदाही मैदानावर पाहिलेलं नव्हतं. सामने लांब. मेंढरं कोणाच्या भरवशावर सोडायची?

आधी हे सामने मोबाइलवर फुकट दिसायचे. मी बघायचे, पण मायकडं बटणांचा फोन. म्हणून ह्या वेळी मी तिला बोलावून घेतलं. चुलत्याच्या हातापाया पडून, मेंढरं त्याच्याकडं देऊन ती एसटीनं आली. सामन्याच्या दिवशी ॲप उघडलं, तर ते म्हणतंय, घरच्या टीव्ही कनेक्शनचा ग्राहक क्रमांक टाका. म्हणजे जे पैसे भरून टीव्ही बघतात, त्यांनाच आता मोबाइलवरही सामना. ज्याच्या घरी आहे, त्याला दोन्हीकडं. ज्याच्या घरी नाही, त्याला कुठंच नाही. बहीण माझी, आणि ती बघायला क्रमांक लोकांचा.

मॅडमना विचारलं. क्रमांक देता येणार नाही, साहेबांना आवडत नाही, म्हणाल्या. पण आईला घेऊन इथंच ये की. मला वाटलं, केवढं मोठं मन. दुपारी गेलो तर बिल्डिंगमधल्या बायका आधीच जमलेल्या. आमच्या स्वयंपाकवालीची बहीण आहे बरं का, असं मॅडमनी हौसेनं सांगितलं. मग मला म्हणाल्या, गरम भजी टाक. बहीण अंतिम सामन्यात पळणार होती आणि मी कांदा चिरत होते. सोफ्यावर जागा होती, तरी मायला दाराजवळ खाली बसवलं. एकीनं उठून खिडकी उघडली. मेंढरांचा वास येतोय, म्हणाली. हळू नाही. मायला नीट ऐकू जाईल असं.

मायला त्याचं काही नव्हतं. तिची नजर टीव्हीवर. पण सगळ्या पोरींचे कपडे सारखे, तिला आपली पोरगी सापडेना. मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि बोट दाखवलं. खांबाजवळ बसलीय ती. माय बघतच राहिली.

"लई वाळली गं," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात धाकटीला खो मिळाला. उठली, पळणारीच्या मागं लागली आणि लांब सूर मारून तिला बाद केलं. माय ताडकन उभी राहिली. आमच्यात कुस्ती जिंकली, लग्न लागलं, काही चांगलं झालं की भंडारा उधळतात. मायनं पदराची गाठ सोडली, बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणाली आणि मूठभर भंडारा पोरीच्या अंगावर टाकला. पोरगी टीव्हीत होती. भंडारा पडला सोफ्यावर, भज्यांवर, बायकांच्या साड्यांवर.

एकच ओरड झाली. मॅडमनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मी हात जोडले. म्हटलं, सामना थोडाच राहिलाय, चालू ठेवा, मी सगळं धुऊन देते. तेव्हा त्या ते बोलल्या. पुसायचं ते मायनंच. वर म्हणाल्या, "फुकट मिळालं की माणसं असंच करतात."

माय पुसायला लागली. ओल्या फडक्यानं हळद आणखीच पसरली. तरी ती घासत राहिली. मान वर न करता म्हणाली, "ताई, पुसून देते मी. मंग लावताल ना तेवढं?"

सोफ्याचं तिला काहीच नव्हतं. तिला फक्त पोरगी बघायची होती.

मी गॅस बंद केला. मायच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"ऊठ माय. आपण नाय पुसायचं."

उद्यापासून येऊ नकोस, मॅडम म्हणाल्या. उद्याचं कशाला, मी आत्ताच निघाले. जिना उतरताना माय एकच विचारत होती, जिंकल्या का गं. मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. जिंकल्या होत्या. तिनं पहिलं हेच विचारलं, "मायनं बघितलं का मला?" माय मला हातानं खुणावत होती, व्हय म्हण, व्हय म्हण.

"नाय बघितलं," मी म्हणाले. "बघू दिलं नाय." आणि सगळं सांगितलं. जिंकलेली पोरगी फोनवर ढसाढसा रडली. मायनं माझ्याशी अबोला धरला. पोरीचा आनंद नासवलास, म्हणाली. नासला, हे खरं आहे. पण नासवणारी मी नव्हते, हे मायला अजून पटवता आलेलं नाही.

पेपरात फोटो आला तसा मॅडमचा फोन आला. झालं गेलं विसर, सोसायटीत सत्कार ठेवू, बहिणीला घेऊन ये. म्हटलं, ती येणार नाही. तिच्या मायला जिथं खाली बसवलं, तिथं ती खुर्चीवर बसणार नाही.

गावातही सत्कार आहे. पुढारी येणार आहेत. घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, असा निरोप आलाय. मी बोलणार. आभार मानणार नाही. एकच विचारणार. पोरगी आपली म्हणून तिला हार घालता, तर तिचा खेळ कुलपात कोणी ठेवला? तिच्या मायनं तो बघायला कोणाच्या दारात जायचं? उत्तर मिळेपर्यंत मी माइक सोडणार नाही.